नावाआधीचा ‘रे.’

ताई,

तुझ्या नातीने ‘केवढे हे क्रौर्य’ म्हणून दाखवली आणि पुस्तकातलं कवीचं नाव वाचून विचारलं, “आजी, ‘रे. टिळक’ म्हणजे त्यांना कुणी हाक मारतंय का?” तू हसलीस, पण उत्तर धड देता आलं नाही म्हणालीस. फोनवर उरकण्यासारखं ते नव्हतंच, म्हणून हे पत्र.

हाक नव्हे, रेव्हरंड. नारायण वामन टिळक ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. आपल्याला शाळेत ‘फुलामुलांचे कवी’ एवढंच शिकवलं आणि त्या ‘रे.’वरून मास्तर भरभर पुढे सरकले. फुलं चालतात, मुलं चालतात; उपदेशकाला कुठे बसवायचं, हे मात्र आपल्या लोकांना अजून कळलेलं नाही.

माणूस कोकणातल्या करजगावचा, चित्पावन घरातला. नाशकात गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकला. कविता, कीर्तन, वादविवाद, सगळ्यांत गती. नोकरी मात्र एका जागी टिकेना. १८९३च्या सुमारास राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपियनाशी गप्पा रंगल्या. निरोप घेताना त्याने ‘नवा करार’ हातात ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही करून टाकलं. वाचीन म्हणून शब्द दिला होता, म्हणून टिळकांनी पुस्तक उघडलं. डोंगरावरच्या प्रवचनापाशी पोचले आणि तिथून त्यांचं मन हलेना. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नाव बदललं नाही. नारायण तो नारायणच राहिला.

इकडे घरात आकाश कोसळलं. बायकोला, लक्ष्मीबाईंना, नातेवाइकांनी पंढरपुरात ठेवलं. लहानगा दत्तू पदरात, नवरा जिवंत असून नसल्यासारखा. आता गंमत बघ. गंमत तरी कशी म्हणू? टिळक म्हणत, आपण ख्रिस्ताकडे तुकोबांच्या पुलावरून आलो. म्हणजे नवरा तो पूल ओलांडून गेलेला आणि बायको त्याच तुकोबांच्या विठ्ठलाच्या गावी रडत बसलेली. पुढे ती सोवळंओवळं, जातपात एकेक गाठ स्वतःच्या हाताने सोडत गेली आणि १९०० साली तिनेही बाप्तिस्मा घेतला. मधल्या वर्षांचा हिशेब तिच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे. तो वाचल्याशिवाय टिळकांना संत म्हणू नये, आणि वाचून झाल्यावर त्यांच्यावर नुसतं रागावताही येत नाही.

पुलाचं ते बोलणं केवळ चमकदार नव्हतं. भक्तिमार्गातल्या समीपता, सलोकता, सरूपता आणि सायुज्यता या चार पायऱ्या आपण कीर्तनात ऐकल्यात. टिळक सांगत, येशूच्या बोलण्याचा गाभा मला या चार शब्दांनीच उलगडला: माझ्या मागे या, माझं जू घ्या, माझ्यासारखे व्हा, माझ्यात राहा. परदेशातून आलेला धर्म समजून घ्यायला त्यांनी घरातलीच किल्ली वापरली. मिशनमधल्या कुणाकुणाच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, पण वारकऱ्याला हे सांगताना त्यांना दुभाषा लागला नसता.

आणि त्यांनी ते तसंच सांगितलं. साहेबी चालीवर ओढूनताणून बसवलेली मराठी गीतं त्यांना खटकत. त्यांनी अभंग रचले, भजनं रचली, ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. कधी नगरच्या एखाद्या मराठी चर्चमध्ये रविवारी शेवटच्या बाकावर जाऊन बस. ‘उपासना संगीत’ उघडलेलं असतं, पेटीचा भाता हलत असतो, तबल्याबरोबर झांज वाजते. डोळे मिटलेस तर गावच्या देवळातल्या भजनाला बसल्यासारखं वाटेल. त्या पुस्तकातली कितीतरी पदं टिळकांची आहेत.

नगरमध्येच त्यांचं बस्तान बसलं. १९१२पासून ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाची मराठी बाजू ते बघत. बालकवी ठोमरे त्यांच्याच घरी राहायला होते. १९०७चं जळगावचं कविसंमेलन, जिथे ठोमऱ्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, त्यामागेही टिळकांची धडपड होती. पैसा हातात ठरत नसे, तो कुणाच्या तरी गरजेपायी जाई आणि चुलीची काळजी लक्ष्मीबाईंकडे राही. हे औदार्य दुरून फार सुंदर दिसतं!

तरी मला त्यांची शेवटची दोन वर्षं सगळ्यांत मोलाची वाटतात. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात येशूला मानणारा कुणीही यावा, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. इतकी वर्षं ज्याने लोकांना बाप्तिस्म्याच्या पाण्यापर्यंत आणलं, तोच आता ते पाणी दारातली अट नाही म्हणत होता. दरबार फार फुलला नाही. ९ मे १९१९ला टिळक मुंबईत वारले. त्यांच्याच इच्छेनुसार देहाचं दहन झालं.

‘ख्रिस्तायन’ हे येशूचरित्राचं महाकाव्य अर्धवट राहिलं होतं. ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी, आणखी ६४ अध्याय लिहून. मुळाक्षरं त्यांनी लग्नानंतर गिरवली होती, नवऱ्यापाशीच!

नातीला एवढं सगळं सांगू नकोस, कंटाळेल. ‘रे.’नंतर टिंब असतं, ते वाचायला शिकव. आणि माझी ‘स्मृतिचित्रे’ची प्रत तुझ्याकडे गेल्या दिवाळीपासून आहे. पंढरपूरच्या पानात मी बसचं तिकीट खुणेला घातलंय, ते न काढता पाठव.

तुझा धाकटा