टॅली लागत नाही तेव्हा

इंदूरच्या रामबागेतून लिहितोय.

बँकेत टॅली लागली नाही की आम्ही सगळी खाती उकरत बसत नसू. फरक आधी ९ ने भागून बघायचा. भाग गेला तर बहुधा आकडे उलटे पडलेले, ५४ चे ४५. म्हणजे शोधायची जागा कमी करायची.

घरातलं इंटरनेट दोन महिने छळत होतं. बडोद्याची माझी ताई ८४ वर्षांची, ऐकू कमी येतं. रविवारी व्हिडिओवर ती माझे ओठ बघून बोलणं समजते. चित्र अडकलं की तिच्यासाठी मी मुकाच.

दुरुस्तीवाला मुलगा म्हणाला, "अंकल, कंप्यूटर पुराना है, नया ले लो." म्हटलं, आधी टॅली करू.

राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत सरळ केबल लावली. ताईशी अर्धा तास बोललो, चित्र एकदाही थांबलं नाही. म्हणजे कॉम्प्युटर ठीक, बाहेरची लाइनही ठीक. केबल काढून वायफायवर राउटरला पिंग केलं, तर दहांतली तीन-चार उत्तरं गायब. फरक इथेच होता, मधल्या हवेत.

२.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हे चॅनल एकमेकांच्या आड येत नाहीत. मोबाइलच्या ॲपवर पाहिलं, शेजारपाजारचे सगळे ६ वर आणि आमचाही ६ वरच! १ केला. पिंगची उत्तरं पुरी येऊ लागली. कॉम्प्युटर तोच आहे.

तुमच्याकडेही अडकत असेल तर नवं घेण्याआधी एकदा केबल लावून बघा. खर्च फार नाही, आणि पलीकडे कुणीतरी आपल्या तोंडाकडे बघत बसलेलं असतं.