खर्जातला माणूस

बरेच दिवस इथे काही लिहिलं नव्हतं. अण्णांच्या कानांची तपासणी, मिरजेच्या फेऱ्या, पुन्हा ऑफिस... दोन महिने त्यातच गेले. परवा मावशी फोनवर रागावली, "काय रे, लिहायचं सोडलंस की काय?" म्हणून आज बसलोय. विषय तिला मुळीच न आवडणारा आहे :) पण मावशी, शेवटपर्यंत वाच. तुझे भाऊजी आहेत यात.

तर विषय असा: मार्विन गे या अमेरिकन गायकाचा १९७१ सालचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' हा अल्बम, आणि त्यातली बेस गिटार.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मुंबईत काळा घोड्याच्या रिदम हाऊसमध्ये हा अल्बम मी घेतला. (ते दुकान २०१६ साली बंद झालं. त्यावर कधीतरी वेगळं लिहायचंय.) घेतला तो मुखपृष्ठावरचा पावसात भिजलेला माणूस बघून. संगीतातलं फारसं काही कळत होतं म्हणून नव्हे. नऊ गाणी, साधारण पस्तीस मिनिटं, आणि बरीचशी गाणी एकातून दुसऱ्यात वाहत जाणारी. व्हिएतनामच्या लढाईवरून घरी परतलेला माणूस आजूबाजूला बघतो आणि त्याला आपलंच गाव ओळखू येत नाही, असं काहीसं त्याचं सूत्र. मार्विनचा धाकटा भाऊ खरोखरच व्हिएतनामला जाऊन आला होता. मोटाउन कंपनीचा मालक बेरी गॉर्डी याला शीर्षकगीत आवडलं नव्हतं, ते विकलं जाणार नाही असं त्याला वाटत होतं. जानेवारी १९७१ मध्ये ते बाहेर आलं, धडाधड खपलं, आणि मग त्याच कंपनीला पूर्ण अल्बमची घाई झाली.

पहिली काही वर्षं मी फक्त मार्विनचा आवाज ऐकला. तो ऐकण्यासारखा आहेच, दोन-दोन आवाजांत स्वतःशीच बोलल्यासारखा. बेसकडे लक्ष गेलं ते फार पुढे, एका मित्राची जुनी बेस गिटार माझ्याकडे सहा महिने पडून होती तेव्हा. शीर्षकगीत वाजवून बघू म्हटलं. बोटांना फोड आले, गाणं काही आलं नाही! तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकलं की हा माणूस खाली नक्की काय करतोय.

साधारणपणे बेसवाला काय करतो? गाण्याचा जो आधारस्वर असेल तो धरून ठेवतो, ठेक्याबरोबर चालतो. जेम्स जेमर्सन तसं करत नाही. तो एक स्वर देतो, मग थांबतो. तुम्हाला वाटतं आता पुढचा ठोका येणार, तर तो त्याच्या अर्धा श्वास आधी येऊन गेलेला असतो. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधल्या पायऱ्यांवर हलकेच पाय टेकत जातो, मध्येच मोकळी तार छेडतो. एवढं सगळं करूनही गायकाच्या वाटेत कुठेही येत नाही. 'व्हॉट्स हॅपनिंग ब्रदर' ऐका. गाणं सारखं नव्या स्वरस्थानाकडे वळत राहतं आणि प्रत्येक वळणावर बेस आधीच पोहोचून दार उघडून उभा असतो.

आणि तो नाद! टणटणीत नाही, गुळगुळीतही नाही. गोल, थोडा आखूड, कडेला किंचित खरखरीत, लाकडी. हा नाद येतो कुठून याचा मी बराच शोध घेतला. जेमर्सनची १९६२ची फेंडर प्रिसिजन, तिला म्हणत 'फंक मशीन'. तारा जाड, वरून सपाट गुंडाळलेल्या, आणि त्या तुटेपर्यंत तो बदलत नसे. तारांवर बसलेल्या मळातच खरी मजा आहे असं त्याचं म्हणणं होतं म्हणे. घोडीच्या झाकणाखाली फोमचा तुकडा, म्हणजे स्वर उमटला की फार लांबत नाही. तारा लाकडापासून इतक्या उंच, की दुसऱ्याला ती गिटार दाबून वाजवणं अवघड. (मूळचा तो उभा, मोठा डबल बेस वाजवणारा, त्याचे हात तसेच तयार झालेले.) आणि उजव्या हाताचं फक्त एक बोट! तर्जनी. त्या बोटाला 'हूक', म्हणजे आकडा, असंच नाव पडलं होतं. डेट्रॉइटमधल्या मोटाउनच्या स्टुडिओत गिटारची वायर सरळ मिक्सिंगच्या टेबलात जायची. पुढे बहुतेकदा मोठा अँप्लिफायर नाही, काही नाही. म्हणजे सगळा नाद हातात, तारांत आणि त्या फोमच्या तुकड्यात.

शीर्षकगीताच्या रेकॉर्डिंगची एक गोष्ट नेहमी सांगतात. मार्विननं त्याला रात्री कुठल्याशा बारमधून शोधून आणलं, त्याला नीट बसताही येत नव्हतं, म्हणून त्यानं ते गाणं जमिनीवर आडवं पडून वाजवलं. गोष्टीला किती मीठमसाला लागलाय कोण जाणे. पण गाणं ऐकल्यावर ती खोटी असेल तर चमत्कार, आणि खरी असेल तर त्याहून मोठा चमत्कार. (अल्बममधली सगळी गाणी त्याची नाहीत. 'मर्सी मर्सी मी' आणि 'इनर सिटी ब्लूज'वर बॉब बॅबिट आहे, आणि तोही काही कमी नाही.)

आता अण्णा.

तुमच्यापैकी घरच्यांना माहीतच आहे, अण्णा नोकरी सांभाळून चाळीस वर्षं तबला वाजवत. भजनी मंडळ, भावगीतांचे कार्यक्रम, गणपतीतली नाट्यगीतं, जो बोलावेल त्याच्याकडे. त्यांच्या डग्ग्याला घुमारा असा होता की आमच्या घरातल्या फडताळातले पेले बोलायचे. गेली तीन-चार वर्षं त्यांना ऐकू कमी येतं. डॉक्टरांनी जो आलेख काढून दिला तो मी फोनमध्ये ठेवलाय. डावीकडे २५० हर्ट्झला रेघ बऱ्यापैकी वर आहे, आणि उजवीकडे ८००० पर्यंत जाता जाता कड्यावरून पडल्यासारखी खाली. म्हणजे खालचे स्वर ऐकू येतात, वरचे नाहीत. 'स', 'श', 'फ' ही मंडळी वरच्या बाजूला राहतात. म्हणून कोणीतरी बोलतंय हे अण्णांना कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. यंत्र घेतलं, पण ते माणसांच्या बोलण्यासाठी बनवलेलं. त्यातून गाणं पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखं ऐकू येतं असं ते म्हणतात. त्यांनी रेडिओ लावणंच सोडून दिलं. आणि आमचं बोलणं 'जेवलात का' आणि 'गोळी घेतलीत का' एवढ्यावर आलं, तेही ओरडून. ओरडून बोललं की प्रत्येक वाक्य भांडणासारखंच वाटतं हो.

गेल्या महिन्यात मिरजेला असताना दुपारी बाहेरच्या खोलीतल्या जुन्या लाकडी स्पीकरवर मी हा अल्बम लावला. अण्णा झोपलेत असं समजून आवाज बऱ्यापैकी मोठा. थोड्या वेळानं ते उठून आले, कानात यंत्र नाही, आणि स्पीकरच्या बाजूच्या खुर्चीत बसले. मी आवाज कमी करायला उठलो तर हातानंच 'राहू दे' म्हणाले. मग बघतो तर खुर्चीच्या हातावर त्यांची डाव्या हाताची बोटं चालू झालेली. ठेक्यावर नाही. ठेक्याच्या मधल्या जागांवर. जेमर्सन जिथे जात होता तिथे.

"हा डग्गा कोण वाजवतोय?"

"डग्गा नाही अण्णा, बेस गिटार आहे," मी ओरडलो.

"तेच ते. गाणाऱ्याला कळू न देता त्याच्या पुढे जाऊन उभा राहतोय. आणि समेला हजर." मग थोडं थांबून, "गाणारा कसा आहे?"

हा प्रश्न ऐकून मला एकदम कसंतरी झालं. मार्विन गेचा आवाज त्यांच्यापर्यंत धड पोहोचतच नव्हता. बहुतेकांना गाणारा ऐकू येतो आणि बेसवाला दिसतही नाही. अण्णांना बेसवालाच ऐकू येत होता.

मग मी त्यांना जेमर्सनची गोष्ट सांगितली. निम्मी ओरडून, निम्मी वहीत लिहून. १९५९ पासून तो मोटाउनच्या गाण्यांवर वाजवत होता, केवढी तरी गाणी गाजली, पण वादकांची नावं कंपनी छापत नसे. या अल्बमवर ती पहिल्यांदा छापली गेली आणि त्याच्या नावामागे 'अतुलनीय' असा शब्दही आला.

"छापलं म्हणजे शेवटी," अण्णा म्हणाले.

पुढचं सांगू की नको असं झालं. पण सांगितलं. १९७२ साली कंपनी डेट्रॉइट सोडून लॉस एंजेलिसला गेली. तो मागोमाग गेला, पण तिथे त्याचं बस्तान बसलं नाही. दारू होतीच. ती 'फंक मशीन' चोरीला गेली. १९८३ साली मोटाउनच्या पंचविशीचा मोठा सोहळा झाला, तेव्हा हा स्वतः तिकीट काढून प्रेक्षकांत बसला होता असं सांगतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो गेला. वय ४७. सगळे सन्मान नंतरचे.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. ऐकू आलं नसेल म्हणून मी पुन्हा वही उघडली.

"तुला ती पत्रिका आठवते?" ते म्हणाले.

आठवत होती. मी सहावीत होतो. एका मोठ्या कार्यक्रमाची छापील पत्रिका घरी आली होती. गायकांची नावं, निवेदकाचं नाव, हार घालणाऱ्यांचीसुद्धा नावं, आणि सगळ्यात खाली 'साथ: स्थानिक कलाकार'. मी विचारलं होतं, "अण्णा, तुमचं नाव कुठाय?" त्यावर ते हसून म्हणाले होते, "गाणं चांगलं झालं की झालं." हे वाक्य मी पुढे किती जणांना ऐकवलंय! अण्णा कसे निरपेक्ष वगैरे, याचा पुरावा म्हणून.

"राग आला होता मला," अण्णा म्हणाले. "फार. तुझ्यासमोर काय बोलणार? तू लहान. त्या दिवशी वाजवायला जाऊच नये असं वाटलं होतं."

"मग गेलात का?"

"साथीला ऐन वेळी नाही म्हणत नाहीत रे."

एवढंच. तीस-पस्तीस वर्षं मी त्यांचं एक वाक्य चुकीच्या अर्थानं सांभाळून ठेवलं होतं. त्यांना तसं ते सांभाळू देणं सोपं गेलं असेल आणि मला तर ते फारच सोयीचं होतं. नाव नको असणारा माणूस आपल्याला बरा वाटतो, त्याचं काही देणं लागत नाही.

त्यांचं नाव इथे लिहू का विचारलं, तर म्हणाले, "ज्यांना माहीत आहे त्यांना आहे. आता उगाच कशाला." मग नाही लिहीत. जेमर्सनचं नाव मात्र त्यांनी त्या वहीत देवनागरीत माझ्याकडून लिहून घेतलं, दोनदा वाचलं, आणि बोट स्पीकरकडे करून म्हणाले, "लाव परत. पहिल्यापासून."

तुम्ही कधी हा अल्बम लावलात तर मोबाइलच्या स्पीकरवर नका लावू. बेसची सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा हलते, ते त्या चिमुकल्या स्पीकरला कुठून झेपणार. बरे हेडफोन घ्या, नाहीतर जुना लाकडी स्पीकर शोधा आणि त्यावर हात ठेवा. अण्णा तसंच ऐकतात आता, रोज दुपारी. आई म्हणते, फडताळातले पेले पुन्हा वाजायला लागलेत :)

असो. पुढच्या वेळी इतका उशीर करणार नाही, मावशी.