डाव्या पायाचा हिशेब

धुळ्यात राहून फुटबॉलचा षौक करणे म्हणजे पांझरेच्या काठी होडी बाळगण्यासारखे आहे. होडी उत्तम असते, वल्ही शाबूत असतात. अडचण एवढीच, की वर्षातले बरेच महिने नदीत होडीपुरते पाणी नसते. आमच्या गल्लीत क्रिकेटवर अधिकारवाणीने बोलणारे घरटी दोन निघतील. कुस्तीचे डाव हातवारे करून सांगणारे म्हातारे पाचकंदिलापर्यंत चालत गेले तर वाटेत चारपाच भेटतील. पण कोणत्या क्लबाने कोणता खेळाडू किती पैसे मोजून घेतला, आणि त्याचा गुडघा तिसऱ्याच सामन्यात कसा गेला, हे ज्याच्याशी बोलावे असा माणूस मला या शहरात अजून भेटायचा आहे. त्यामुळे ही सगळी मते गेली वीस वर्षे मी घरातल्यांनाच ऐकवीत आलो आहे. बिचारी ऐकतात. आई तर माळ ओढता ओढता मध्येच विचारते, "मंग, व्हयना का त्याना पाय बरा?"

या षौकाचे मूळ माझ्या मामात आहे. मामा मुंबईला परळच्या बाजूस एका गिरणीत होता. सुट्टीत आम्ही पॅसेंजरने चाळीसगावला जाऊन, तेथे गाडी बदलून मुंबई गाठीत असू; आणि त्या मुक्कामातली एक संध्याकाळ कूपरेजच्या मैदानासाठी राखलेली असे. मुंबईत तेव्हा फुटबॉल खेळत त्या मुख्यतः कचेऱ्या आणि कारखाने. रेल्वे, टाटा, मफतलाल, एअर इंडिया, महिंद्रा. रोव्हर्स करंडकासाठी, ही स्पर्धा १८९१ पासूनची, कलकत्त्याची मोठी मंडळी येत आणि मुंबईकरांना हरवून जात. मामाने आपला संघ निवडताना जी कसोटी लावली होती ती मात्र खेळाची नव्हती. तो म्हणे, "भाच्या, ज्या कंपनीचा पगार एक तारखेला होतो तिचा संघ आपला." त्याच्या स्वतःच्या गिरणीतली एक तारीख सरकत सरकत केव्हाच पंधरावर गेली होती. अशा रीतीने आम्ही महिंद्राचे झालो.

त्या कचेरीच्या संघांत एक सोय होती. खेळाडू हा कंपनीचा नोकर असे. दुपारनंतर त्याला सरावासाठी सोडीत. पण हजेरीपटावर त्याचे नाव असे, टेबल असे, डोक्यावर पंखा असे. एकदा मामाने प्रेक्षकांतला एक गृहस्थ मला दाखवला. "तो बघ, बगलेला काय धावायचा! गुडघा गेला. आता रेल्वेत पगारपत्रके करतो." मला वाईट वाटले आणि ते तोंडावर दिसले असावे; कारण मामा चिडून म्हणाला, "रडतोस काय? पेन्शन आहे त्याला!" या वाक्याची किंमत मला फार वर्षांनी कळली. पुढे १९९६ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली, हळूहळू करारांचा जमाना आला, आणि खेळाडूला पूर्वी स्वप्नातही दिसला नसता असा पैसा मिळू लागला. तो मिळालाच पाहिजे; कारकुनाच्या पगारावर माणसाने आयुष्यभर घाम गाळावा असे मी म्हणणार नाही. पण करार झाला तो फक्त पायांशी. पाय गेले की टेबलही नाही आणि पंखाही नाही.

आता खेळाडूंच्या बदल्यांविषयी. 'बदली' हा शब्द आम्हा शिक्षकांना काही शिकवावा लागत नाही. शिक्षकाची बदली झाली की त्याला एक वळकटी, दोन ट्रंका आणि एस. टी.चे तिकीट एवढे लाभते. त्याला सोडणाऱ्या गावाला त्याबद्दल कुणी छदाम देत नाही. फुटबॉलातली बदली याच्या अगदी उलट. २०१७ साली ब्राझीलचा नेमार बार्सिलोनाहून पॅरिसला गेला तेव्हा मोजलेले पैसे होते २२ कोटी २० लाख युरो. हा आकडा मी आमच्या हेडमास्तरांना सांगितला, तर त्यांनी शांतपणे विचारले, "रुजू केव्हा झाला?" पूर्वी तर युरोपात करार संपला तरी जुना क्लब पैसे मिळाल्याशिवाय खेळाडूला सोडीत नसे. बेल्जियमच्या बोस्मन नावाच्या एका साध्या खेळाडूने त्यावर कोर्टात धाव घेतली आणि १९९५ मध्ये निकाल मिळवला, की करार संपला की खेळाडू मोकळा. त्या निकालावर पुढच्यांनी बंगले बांधले. बोस्मनच्या स्वतःच्या वाट्याला मात्र पुढे ओढगस्तच आली. एक गोष्ट मात्र या सगळ्या बाजारात मला मनापासून आवडते. करार चालू असताना खेळाडू मोठ्या किमतीला दुसऱ्या देशात गेला, तर बाराव्या वर्षापासून तेविसाव्या वर्षापर्यंत ज्या ज्या क्लबांनी त्याला घडवले त्यांच्यात त्या रकमेचे शेकडा पाच वाटावेत असा जागतिक संघटनेचा नियम आहे. हा नियम प्राथमिक शाळांना लावला तर काय बहार होईल! पण ते असो.

आमच्या महिंद्रानेही बदलीतूनच वैभव मिळवले. कलकत्त्याचा लाडका ब्राझीलियन बरेटो मुंबईला आला, घानाचा याकुबू होताच, डेरिक परेरा शिकवायला होता. आणि २००५-०६ ची राष्ट्रीय लीग आम्ही जिंकली. मुंबईच्या संघाला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. मामाने फोनवर जो आरडाओरडा केला तो ऐकून शेजारी धावत आले. कुणी गेले की काय असे त्यांना वाटले. बरेटो लगेच कलकत्त्याला परतला. मामा म्हणाला, "जाऊ दे. कंपनी आहे ना."

आणि २०१० साली कंपनीनेच संघ बंद केला. संघ हरत नव्हता, दिवाळे निघाले नव्हते. यापुढे शाळकरी मुलांच्या फुटबॉलवर भर द्यायचा असे ठरले होते, आणि ते कारण काही वाईट नव्हते. पुढच्या वर्षी पंजाबच्या जे. सी. टी.नेही तेच केले. मी वर्तमानपत्र हातात घेऊन बसलो होतो. आईने विचारले, "काय व्हयनं?" मी म्हटले, क्लब बंद पडला. ती म्हणाली, "मिलसारखा?" मी हो म्हटले. धुळ्यातल्या माणसाला यापुढे काही समजावून सांगावे लागत नाही. गिरणी ज्यांनी कधी आतून पाहिलीही नव्हती, केवळ तिच्या भोंग्यावर ज्यांचा डबा भरला जाई, त्यांनाही ती बंद झाल्यावर आपले काहीतरी गेले असे वाटत राहिले. पण भोंग्यावर डबा भरणाऱ्याला नुकसानभरपाई मागता येत नाही. मालकाच्या वहीत त्याचे नावच नसते. प्रेक्षकाचेही नसते.

कोल्हापूरला एकदा गेलो होतो तेव्हा मला या बाबतीत त्या गावाचा हेवा वाटला. तेथे फुटबॉलचे संघ तालमींचे आहेत. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. शाहू स्टेडियमवर माणूस येतो तो कंपनीचा म्हणून नव्हे, पेठेचा म्हणून. पेठ बंद कशी करणार? बाहेरचे खेळाडू आणण्याचा खर्च तेथेही आहे, भांडणे तर आमच्या ग्रामपंचायतीला लाजवतील अशी. तरीही दुसऱ्या वर्षी संघ असतोच. उलट गोव्याकडे पाहा. साळगावकर, धेंपो, स्पोर्टिंग, खाणमालकांच्या नावाचे आणि गावोगावच्या अभिमानाचे संघ; २०१६ मध्ये तिघेही राष्ट्रीय पातळीवरच्या आय-लीगमधून बाहेर पडले. नवी श्रीमंत लीग वर बसणार आणि आपण खाली, हे त्यांना मान्य नव्हते.

पण त्यांच्या जाण्याने एक नवल घडले. मिझोरमचा ऐझॉल हा छोटा संघ नुकताच लीगमधून खाली घसरला होता. जागा रिकाम्या झाल्यामुळे त्याला परत बोलावले, आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये तोच विजेता ठरला. त्यांना शिकवीत होता खालिद जमील. हा आमच्याच महिंद्राचा जुना खेळाडू. २००७ मध्ये मुंबईच्या दुसऱ्या एका क्लबात तो गेला, पण दुखापतींमुळे एकही सामना खेळू शकला नाही. २००९ मध्ये खेळणे सोडले आणि तेथेच प्रशिक्षक झाला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तो भारताच्या संघाचा प्रशिक्षक नेमला गेला. गंमत अशी, की त्याच सुमारास आपल्या सर्वांत मोठ्या लीगचा मोसम करारांच्या वादात स्थगित झाला होता, आणि बंगळूरच्या क्लबाने आपल्या खेळाडूंचे पगार बेमुदत थांबवल्याचे जाहीर केले होते. मामा आता नाही. असता तर त्याने एक तारखेचा विषय नक्की काढला असता.

इतके सगळे मी जाणतो. किंवा जाणतो असे मला परवापरवापर्यंत वाटत होते.

गेल्या वर्षी आठवीतल्या एका मुलाच्या डाव्या पायात मला काहीतरी दिसले. बाप बाजार समितीत हमाल. मुलगा चेंडूला असा थांबवी, की जणू चेंडू त्याच्याच घरचा आहे. मी शाळेचा संघ उभा केला. वर्गणी काढली, दोन जाळ्या शिवून घेतल्या, आणि त्या मुलाला चांगले बूट घेऊन दिले. खरे सांगायचे तर मनातल्या मनात मी त्याची एकदोन मोठ्या क्लबांत बदलीही करून टाकली होती.

स्पर्धेच्या पाच दिवस आधी सरावात त्याचा गुडघा मुरगळला. थोडी सूज होती. बाप सकाळी शाळेत आला, फाटकाशी उभा राहिला. मी म्हटले, "किरकोळ आहे. बर्फ लावा." सामन्यात मी त्याला बसवून ठेवले होते, हेही खरे. पण मध्यंतराला आम्ही एका गोलाने मागे होतो. मी त्याच्याकडे पाहिले. तो लगेच उठला. "दुखतंय का रे?" मी विचारले. तेरा वर्षांचा मुलगा, अंगात संघाचा सदरा. तो काय सांगणार? "नाही गुरुजी."

कुणी त्याला हातही लावला नाही. चेंडू घेऊन तो डावीकडे वळला आणि खाली बसला, एवढेच. गुडघ्याच्या आत मांडीचे हाड आणि नडगी यांना बांधणारी एक दोरी असते, ती तुटली होती. नाशिकच्या डॉक्टरांनी पडद्यावर मला ती जागा दाखवली. मांडीच्या मागचा एक स्नायूबंध काढून तेथे बसवायचा, मग महिनोन् महिने व्यायाम. खेळायचे म्हणाल तर नऊ महिने, कदाचित वर्ष. डॉक्टर म्हणाले, "आधीच दुखावलेला होता. खेळवायला नको होता."

हे वाक्य मी स्वतः किती वेळा म्हटले आहे! करंडकासाठी जायबंदी खेळाडूला सुई टोचून मैदानात ढकलणाऱ्या प्रशिक्षकांना मी गेली वीस वर्षे जेवणाच्या पाटावरून शिव्या देत आलो. माझ्यापुढे तर करंडकही नव्हता. पितळेची एक ढाल होती, आणि तीही फिरती.

बाप एक शब्द वाकडा बोलला नाही. मी पैशांचे कसे करायचे ते बोलू लागलो तेव्हा एकदाच म्हणाला, "तुम्हीच सांगं ना गुरुजी, किरकोळ शे म्हनीसन." मग बिडी विझवून गप्प बसला. त्या रात्री मी वही घेऊन बसलो. बापाची उचल, शिक्षकांची वर्गणी, गल्लीतल्या क्रिकेटवाल्यांनी आपण होऊन दिलेले पैसे, माझ्या पतपेढीचे कर्ज. कादंबरीच्या मानधनाचीही एक ओळ आहे. ती सर्वांत लहान आहे, तिच्याकडे पाहून बायको हसली आणि मग उठून आत गेली. असा हिशेब मी आयुष्यात पहिल्यांदाच मांडत होतो. क्लबांचे कोट्यवधींचे आकडे मला तोंडपाठ होते. एका गुडघ्याचे किती होतात हे ठाऊक नव्हते. जागतिक संघटनेने २०१२ पासून देशाकडून खेळताना जायबंदी झालेल्यांसाठी विम्याची सोय केली आहे. तीत पैसे मिळतात ते खेळाडूच्या क्लबाला, कारण पगार क्लब देत असतो. हे कलम मी पूर्वी मोठ्या कौतुकाने वाचले होते.

शस्त्रक्रिया नीट झाली. मुलगा आता धावतो, पण खेळायची परवानगी अजून नाही. संध्याकाळी मैदानावर येतो, म्हणून मी शिट्टी त्याच्याकडे दिली आहे. पंच म्हणून तो फार कडक आहे. परवा सहावीतला एक चिमुरडा पडला, उठला आणि थोडा लंगडत चेंडूमागे निघाला. याने शिट्टी फुंकली, खेळ थांबवला आणि त्याला बाहेर काढले. तो पोरगा रडकुंडीला आला. कुणी दुखत नाही म्हणते, कुणी खेळू द्या म्हणते. माझ्या तोंडून "अरे, कि" एवढे बाहेर पडलेच. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. त्या पोराला विटांच्या गोलाशेजारी बसवून, त्याचा बूट काढून, घोटा हळूहळू फिरवून पाहत तो बसला; आणि बाकीचे दहाजण चेंडू मधे ठेवून उभे राहिले.