गार्बोची मुद्रा

काल रात्री ‘क्वीन क्रिस्टिना’ पुनश्च पाहिला. १९३३ चा हा चित्रपट; परंतु राज्यपदाचा राजीनामा देऊन, प्रियकराच्या मृतदेहासह स्वीडन सोडून निघालेली राणी गलबताच्या नाळेवर निश्चल उभी राहावी, कॅमेरा संथपणे निकट येत असता वाऱ्याने तिचे केस तेवढे हलावेत, मुद्रेवरची रेषाही ढळू नये, या ग्रेटा गार्बोच्या अखेरच्या दर्शनाचा माझ्या अंतःकरणावरील अंमल यत्किंचितही ओसरलेला नाही. चेहरा सर्वथा कोरा ठेव, असे दिग्दर्शक रूबेन मामूलियन यांनी तिला सांगितले होते. म्हणूनच शोक, निर्धार, वैराग्य, जे ज्याच्या मनी वसे ते त्याला तेथे दिसते. १९४१ नंतर, अवघ्या छत्तिशीत, तिने रुपेरी पडदा कायमचा सोडला. शब्दांवाचून इतके सांगणारी दुसरी नटी हॉलिवुडला लाभली नाही, असे माझे निश्चित मत आहे.