तिसरा अंतरा

मैत्रिणीने शाळकरी मुलींच्या समूहगीताचा व्हिडिओ पाठवला. चाल माझी, शब्द माझे आणि खाली पट्टी: ‘अंगाई, पारंपरिक’. याला आता बरेच महिने झाले, तरी माझा संताप उतरलेला नाही.

मी सांगलीत राहते, नोकरी करते. आठवड्याला एक गाणं लिहायचं, चाल लावायची आणि घरीच रेकॉर्ड करायचं, हा माझा जुना नेम आहे. गदिमा आणि सुधीर फडके यांनी 1955 च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीसाठी आठवड्याला एक अशी गीतरामायणाची 56 गाणी केली. ते वाचलं तेव्हापासून हीच मुदत मी धरली. पहाटे पंखा बंद करायचा, भिंतीला गोधड्या टांगायच्या, मोबाइलवर तानपुरा लावायचा आणि शेजारच्या कुकरची शिट्टी व्हायच्या आत गाऊन घ्यायचं.

ही अंगाई ऊसतोडीच्या हंगामातली. बीडकडच्या टोळ्या येतात, कारखान्याजवळ कोप्या घालतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत दोघांनी तोडत राहायचं. बाळ फडाच्या कडेला पाचटावर झोपलेलं असतं. त्या बाळासाठी मी दादऱ्यात गाणं बांधलं. तिसऱ्या अंतऱ्यात आई त्याला सांगते की तू पोटात असतानाच आम्ही ही उचल घेतली. तो अंतरा मला आधी सुचला होता, बाकीचं गाणं त्याच्यासाठी लिहिलं.

मुलींच्या गाण्यात तो नव्हताच. त्याच्या जागी कुणीतरी विठ्ठल आणला होता, तोही सहा मात्रांत न मावणारा, ओढूनताणून बसवलेला. विठ्ठलाशी माझं भांडण नाही. पण त्या आईची उचल पुसून तिथे त्याला उभं करायचं?

गाणं बसवणाऱ्या बाईंचा नंबर मिळवून फोन केला.

“अहो ताई, इतकं सुंदर आहे की आम्हाला जुनंच वाटलं. ही तर शाबासकीच समजा ना!”

“आणि तिसरा अंतरा?”

“लहान मुलींच्या तोंडी कर्जबिर्ज कशाला? परीक्षकांना नाही आवडत.”

“निदान खालची पट्टी तरी बदला.”

“आता बक्षीसही मिळालं हो. तुमचं गाणं एवढ्या लोकांपर्यंत पोचलं, ते नाही का बघायचं?”

त्यानंतर त्यांनी फोन उचलला नाही.

मला शाबासकी नको होती. आणि ‘पारंपरिक’ म्हटलं म्हणजे नाव नकोच, हे तरी कुणी ठरवलं? हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, तिथेही गाणारीचं नाव आणि गाव नोंदलेलं आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं 57 वं कलम तर सांगतं की हक्क विकून टाकले तरी कर्ता म्हणून नाव सांगण्याचा आणि नावाला बाध आणणाऱ्या मोडतोडीला हरकत घेण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही, पुरावा मात्र लागतो. नव्याने गाणी करणाऱ्यांनी पहिलं कच्चं रेकॉर्डिंग त्याच दिवशी स्वतःला मेल करून ठेवावं.

गाणं लोकांच्या तोंडी बसलं की कवीचं नाव गळालं तरी बिघडत नाही, असं मीच पूर्वी सांगत असे. आता तसं म्हणवत नाही. तरीही तो व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहते, कारण मुली फार गोड गायल्या आहेत. दुसऱ्या रांगेतल्या एकीने ‘पाचट’ हा शब्द असा हळू उचललाय की मला तो कधी तसा जमला नाही.

गाणी बसवणाऱ्या शिक्षकांना एवढीच विनंती आहे. कर्ता सापडला नाही तर ‘कवी अज्ञात’ लिहा. आणि एखादा अंतरा मुलांच्या तोंडी नको वाटला, तर तो कापू नका, दुसरं गाणं घ्या.