पखवाज समोर येईना

मानेचा मणका बिघडला आणि डॉक्टरांनी खुर्ची बंद केली. तेव्हापासून मी आडवा पडून हेडफोन लावतो. शेगावची पालखी दैठण्याहून गंगाखेडकडे निघते, तेव्हा रस्त्याच्या कडेला उभं राहून, स्वतःच्या दोन्ही कानांत बारीक माइक घालून घेतलेली दिंडी ऐकत होतो. बसून ऐकताना वारकरी समोरून, उजवीकडून डावीकडे जात. उताणा पडलो तर टाळ छतावरून चालले. ते ठीकच, हेडफोन डोक्याला बांधलेला, नाकासमोरचं नाकासमोरच राहणार. पण पखवाज छताला जाईना. तो उशीखाली गेला, म्हणजे मागे!

डावं-उजवं कुणालाही जमतं. दोन कानांमधला फार तर ०.७ मिलिसेकंदाचा उशीर त्याला पुरतो. समोर आणि मागे मात्र तो उशीर सारखाच. तिथे निवाडा करतात कानाची पाळी आणि मान. पाळीला उंच पट्टीच कळते. टाळ सुटतात ते त्यामुळे. मानेचं मानसशास्त्रज्ञ हान्स वालाख यांनी १९४० सालीच लिहून ठेवलंय: डोकं वळलं की समोरचा आवाज एका कानाकडे झुकतो, मागचा दुसऱ्याकडे. हेडफोनमध्ये काहीच झुकत नाही. बसलेलो असताना बहुधा समोर दिसणारी भिंतच माझा पखवाज पुढे धरून ठेवत होती.

२०२० पासून ॲपलच्या एअरपॉड्स प्रोमध्ये डोकं वळलं तरी आवाज जागच्या जागी ठेवायची सोय आहे. माझ्या कामाची नाही. कानात मुरलेली दिंडी नंतर वळवता येत नाही. आणि ती ‘एट-डी’ गाणी! आवाज डोक्याभोवती गरगर फिरवायचा की झालं. घेरी येणं म्हणजे ऐकणं नव्हे.

माझ्याकडे शिकणारी जिंतूरची मुलगी म्हणाली, “सर, मला तर पखवाज बसूनही डोक्यातच वाजतो.” प्रत्येकाची पाळी वेगळी, हे तिला मीच शिकवलंय. तरी मनातल्या मनात मी तिचेच कान कमअस्सल ठरवून मोकळा झालो.

मग लक्षात आलं, त्या कडेला पखवाजाची कणीक लावलेली बाजू माझ्याकडे होती, नुसता घुमारा. शाईची बाजू पलीकडे. पुढच्या वारीत रस्ता ओलांडून उभा राहणार आहे. मुलगी म्हणते, या खेपेला माइक माझ्या कानांत घाला. मी अजून हो म्हटलेलं नाही.