शर्यतीचा कज्जा

मनुष्य ज्या गोष्टीत स्वतः उतरलेला नसतो तिच्याविषयीच तो अधिक त्वेषाने भांडतो, असे आमचे बरेच दिवसांचे मत आहे. बांधावरून भांडणारे शेजारी निदान वीतभर जमिनीचे तरी धनी असतात. परंतु जिला आपला हातही कधी लागलेला नाही अशा मोटारीवरून, आणि ज्याला आपण या जगात आहोत याचीही वार्ता नाही अशा गड्यावरून, दोन सुशिक्षित माणसे आठवडाभर एकमेकांशी बोलत नाहीत, तेव्हा ते भांडण नुसते हसण्यावारी नेता येत नाही.

असा एक अबोला 2021 सालच्या डिसेंबरात आमच्या खडकवासल्याच्या घरी नांदत होता. आमचे जावई मॅक्स वर्स्टापेन यांचे अभिमानी; आमचा भाचा लुईस हॅमिल्टन यांचा. 12 डिसेंबरच्या रविवारी अबू धाबी येथे फॉर्म्युला वन मोटारींच्या त्या वर्षातील अखेरची शर्यत झाली. वर्षभर झुंजून दोघांचेही गुण बरोबर 369.5 झाले होते. अर्धा गुणही कोणाच्या पदरी अधिक नव्हता. हॅमिल्टन जिंकते तर आठव्यांदा जगज्जेते झाले असते, आणि तो मान आजवर कोणासच मिळालेला नव्हता. वर्स्टापेन यांचे हे पहिलेच जगज्जेतेपद ठरणार होते.

ज्या वाचकांस या खेळाचा परिचय नसेल त्यांच्यासाठी घडलेली हकीकत थोडक्यात सांगितली पाहिजे. शर्यत 58 फेऱ्यांची होती आणि हॅमिल्टन सुमारे 11 सेकंदांनी पुढे होते. 53 व्या फेरीत निकोलस लतिफी यांची मोटार कठड्यावर आदळली. असे झाले म्हणजे सेफ्टी कार नावाची मोटार ट्रॅकवर येते व बाकीच्या मोटारी तिच्यामागून, कोणी कोणास न ओलांडता, वरातीसारख्या चालू लागतात. पुढच्याने कमावलेले अंतर त्यात सारे बुडते. वर्स्टापेन यांनी ही संधी साधून नवे टायर चढविले. हॅमिल्टन थांबते तर पहिली जागा हातची जाण्याचे भय होते, म्हणून ते जुन्याच टायरांवर राहिले. एकंदर आठ मोटारी एक फेरी मागे पडलेल्या होत्या. त्यांपैकी पाच नेमक्या या दोघांच्या मध्ये होत्या. कोणीच पुढे जावयाचे नाही, असा प्रथम हुकूम झाला. मग शर्यतीचे संचालक मायकेल मासी यांनी त्या पाचांनाच पुढे सोडले, तिघांस मागेच ठेवले आणि नियमाप्रमाणे आणखी एक फेरी जाऊ न देता सेफ्टी कार बाहेर बोलाविली. एकच फेरी उरली. नव्या टायरांपुढे जुन्या टायरांचे काय चालणार? वर्स्टापेन जगज्जेते झाले.

जावईबापूंचे म्हणणे असे की, सेफ्टी कारविषयीचा अखेरचा अधिकार संचालकांचाच आहे. हॅमिल्टन यांच्या मर्सिडीज संघाच्या दोन्ही तक्रारी पंचांनी त्याच रात्री फेटाळल्या. शिवाय वर्षभर सर्वांत अधिक शर्यती जिंकल्या त्या वर्स्टापेन यांनीच. भाच्याचे म्हणणे याच्या उलट. तो म्हणे, “मामा, तिकिटाच्या रांगेत आपण पहिले, तुमचा वैरी सातवा, आणि शिपायाने मधल्या पाचांनाच हात धरून बाजूला केले, तर त्याला तुम्ही रांग म्हणाल का?” आता दाखल्यापुरते पाहता भाच्याचा दाखला बिनतोड होता, परंतु जावयाच्या बाजूनेही अधिकृत निकाल होता. एकाच्या हाती न्यायाची जाणीव व दुसऱ्याच्या हाती निकालाचा कागद, असा सामना जुंपला म्हणजे तो कधी मिटत नाही.

त्या सुमारास धरणाच्या बाजूने फिरावयास जाताना आम्ही हा कज्जा आमच्या एका स्नेह्यांपुढे मांडला. त्यांचे सारे आयुष्य पाटबंधाऱ्यांच्या कामात गेलेले. मोटारींच्या शर्यतीचा त्यांस गंधही नव्हता. सर्व ऐकून घेऊन त्यांनी विश्वेश्वरय्यांची गोष्ट काढली. 1903 साली याच खडकवासल्याच्या धरणावर विश्वेश्वरय्यांनी आपल्या कल्पनेचे दरवाजे प्रथम बसविले. पाणी ठरलेल्या पातळीस पोहोचले की ते आपोआप उघडत व ओसरले की मिटत. स्नेही म्हणाले, “अहो, त्या दरवाजांची थोरवी ते आपोआप उघडत यात नव्हे, तर खाली कोणाचे शेत आहे हे ते विचारीत नसत यात होती. तुमच्या त्या गृहस्थांनी दरवाजा अर्धाच उघडला, आणि तोही खाली कोण उभे आहे हे पाहण्याजोगा उजेड असताना.”

हे उत्तर आम्हांस पटले, तरी त्याने आमचे पुरते समाधान झाले नाही. मार्च 2022 मध्ये जागतिक मोटार संघटनेचा अहवाल निघाला. त्यात ही मानवी चूक होती, परंतु संचालकांचा हेतू शुद्ध होता व निकाल कायम आहे, असे म्हटले होते. मासी यांस त्यापूर्वीच त्या पदावरून दूर करण्यात आले होते. मग शुद्ध हेतूच्या माणसाच्या हातून ही चूक का झाली? कारण शर्यत वरातीत संपू नये, शक्य तोवर ती झुंजीनेच संपावी, अशी सर्व संघांची पूर्वीपासून इच्छा होती. आणि संघांची इच्छा म्हणजे तरी काय? लक्षावधी प्रेक्षकांस रटाळ शेवट नको असतो, म्हणून तो संघांस नको असतो. आमच्या दिवाणखान्यात सेफ्टी कार आली त्या क्षणी “आता हे असेच संपणार की काय!” असा उद्गार जावई व भाचा या दोघांच्याही तोंडून एकदमच निघाला होता. त्या रात्री पडलेल्या दडपणाचा एक कणभर वाटा अशा प्रत्येक दिवाणखान्यातून गेलेला होता, असे आम्हांस वाटते.

आपल्याकडील मातीतल्या कुस्तीला हे दडपण सोसण्याची एक जुनी सोय होती. चीतपट झाली तर निकाल. नाही तर कुस्ती बरोबरीत सोडवीत, आणि माणसे हळहळत का होईना, घरी जात. गुण आले, घड्याळ आले, किताब कोणाला तरी दिलाच पाहिजे असे झाले, तेव्हापासून पंचांच्या बोटाला वजन आले. जानेवारी 2023 मध्ये पुण्यास कोथरूड येथे महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेत सिकंदर शेख व महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीत एका टांगेस दिलेल्या चार गुणांवरून केवढे रण माजले, ते वाचकांस आठवत असेल. सिकंदर यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगाव येथे तो किताब जिंकून आपले उत्तर आखाड्यातच दिले. पुढे 2 फेब्रुवारी 2025 रोजी अहिल्यानगर येथे मुळशी तालुक्यातील पृथ्वीराज मोहोळ महाराष्ट्र केसरी झाले, त्या दिवशी मात्र पाठ टेकली की नाही या वादात पंचांवर लाथ उगारली गेली व दोघा मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली.

परंतु मल्लाचा संताप आम्ही समजू शकतो. त्याचा घाम मातीत पडलेला असतो. ज्याचा घाम पडलेला नाही त्याचा संताप आम्हांस अधिक भयंकर वाटतो. अबू धाबीच्या शर्यतीत लतिफी हे कोणाच्याच बाजूचे नव्हते. ते मागल्या मोटारींतील एक होते आणि त्यांचा अपराध एवढाच की त्यांची मोटार आदळली. तेवढ्यासाठी त्यांस ठार मारण्याच्या धमक्या आल्या, आणि पुढे लंडनात वावरताना संरक्षक सोबत घ्यावे लागले. इकडे हॅमिल्टन यांनी, ज्यांचे सर्वस्व गेले होते त्यांनी, शर्यत संपताच वर्स्टापेन यांचे अभिनंदन केले. ज्याचे गेले तो हात पुढे करतो, आणि ज्याचे काहीच गेले नाही तो दगड उचलतो, हा न्याय कोठला?

जावई व भाचा या उभयतांस आम्ही पुढे एवढेच सांगितले की, जगज्जेतेपद वर्स्टापेन यांचे आहे यात शंका नाही, कारण समोर आलेली एक फेरी त्यांनी निधड्या छातीने जिंकली. आणि हॅमिल्टन यांच्यावर अन्याय झाला यातही शंका नाही, कारण ती फेरी नियमाने यावयाची नव्हती. या दोन गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकतात. त्यांतील एक खोटी ठरविल्याखेरीज आपली जीत होत नाही, असे मानण्यात सारा घोळ आहे. दोघांनाही हा निवाडा आवडला नाही. पण दोघे मिळून आमच्यावर तुटून पडले आणि त्यांचा आपसातला अबोला तेवढा सुटला.

खेळ नियमाने चालावा असे ज्यास खरोखर वाटते, त्याने अधूनमधून एखादा नीरस शेवट पदरात घ्यावयास शिकले पाहिजे. वरातीने संपलेली शर्यत, बरोबरीत सुटलेली कुस्ती, पावसाने बुडालेला सामना यांच्यापुढे जांभई देऊन उठून जाणे हेही प्रेक्षकाचे एक कर्तव्यच आहे. ते आपण पार पाडू लागलो, तर पंचाच्या हातून दरवाजा अर्धा उघडण्याचे प्रसंग थोडे कमी येतील.